तालुक्यातली मागणी विधिमंडळापर्यंत कशी न्यावी : मराठवाड्यातील शिक्षक संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी

मराठवाड्यातल्या शिक्षकाला लढा शिकवावा लागत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत शिकवणारे शिक्षकच होते, आणि तो वारसा आपल्या संघटनांनी धरणे, मोर्चे आणि उपोषणांतून आजवर जपला आहे. तरीही तालुका शाखेचे काम करताना एक गोष्ट मला वारंवार दिसली. आपण निवेदन देतो, घोषणा देतो, वर्तमानपत्रात बातमी येते आणि मागणी होती तिथेच राहते. कारण ती कोणत्या टेबलावर न्यायची, तिच्यासोबत कोणता कागद जोडायचा आणि तो कोणत्या महिन्यात पोहोचवायचा, याचा विचार आधी झालेला नसतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी हिवाळी अधिवेशनाच्या काळात आम्ही सहा जण रात्रभर प्रवास करून नागपूरला गेलो आणि सकाळी आमदार निवासात एका सदस्यांच्या खोलीबाहेर उभे राहिलो. त्यांनी आमचे चार पानी निवेदन उभ्याउभ्याच, पण शेवटपर्यंत वाचले आणि एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, तुमच्या तालुक्यात अशा शाळा नेमक्या किती?" आमच्यापैकी एकालाही आकडा सांगता आला नाही. "बऱ्याच आहेत, साहेब," असे उत्तर दिले. त्यावर त्यांनी निवेदन घडी करून सचिवाकडे दिले आणि आम्ही बाहेर आलो. या लेखातले बहुतेक सगळे त्या सकाळनंतर शिकलेले आहे.

मागणीची किल्ली कोणाकडे आहे

पहिले काम म्हणजे मागणी कोणाच्या अधिकारात आहे ते ठरवणे. वैद्यकीय देयक, भविष्य निर्वाह निधीचा परतावा, वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव ही कामे पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या पातळीवर अडतात. ती विधिमंडळात नेणे म्हणजे शेजारच्या घराची किल्ली मागायला जिल्ह्याला जाण्यासारखे आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण ग्रामविकास विभाग ठरवतो, तर संचमान्यता (म्हणजे पटावरून शाळेची शिक्षक पदे मंजूर करणे), पवित्र पोर्टलवरील शिक्षक भरती आणि अनुदान हे विषय शालेय शिक्षण विभागाकडे आहेत. खासगी शाळांतील सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने बांधलेल्या आहेत. विभागीय शिक्षण उपसंचालकांची कार्यालयेही मराठवाड्यात दोन आहेत : लातूर, नांदेड आणि धाराशिव हे जिल्हे लातूरला जोडलेले आहेत, उरलेले पाच छत्रपती संभाजीनगरला. संयुक्त निवेदन देताना हा फरक विसरला गेला, तर निम्म्या जिल्ह्यांचा कागद चुकीच्या कार्यालयात जाऊन पडतो.

काही मागण्यांची किल्ली मुंबईतही नसते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, ज्यांच्या सेवेची पाचपेक्षा अधिक वर्षे शिल्लक आहेत अशा कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. वीस-बावीस वर्षे तांड्यावर इमानाने शिकवलेल्या माणसाच्या मनात या निकालाने काय काहूर उठवले, ते मी जवळून पाहिले आहे. परंतु निकालाचा आधार असलेले शिक्षण हक्क कायद्याचे कलम २३ संसदेने केलेले आहे. त्यामुळे सूट हवी असेल, तर मागणी खासदारांकडे आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे गेली पाहिजे. आमदारांकडे मागायचे ते राज्याच्या हातातले : परीक्षा वेळापत्रकाप्रमाणे घेणे, तयारीची सोय करणे आणि केंद्राकडे राज्याची भूमिका ठामपणे मांडणे. मराठवाड्यात लोकसभेचे आठ मतदारसंघ आहेत आणि या विषयावर त्या आठही खासदारांकडे एकच मसुदा जाणे आवश्यक आहे.

आकडा कसा गोळा करावा

संचमान्यतेचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर लहान शाळांमधला सर्वांत मोठा असंतोष याच विषयावर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक मिळतात. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत ३० सप्टेंबरला जनरल रजिस्टरवर ६३ मुले आहेत, पण आधार वैध ठरलेली ५९ आहेत. उरलेल्या चौघांपैकी एकाच्या वडिलांचे नाव रजिस्टरात 'रामा' आहे आणि आधारवर 'रामराव', दुसरीची जन्मतारीख आधारवर सरसकट १ जानेवारी टाकलेली आहे, तर दोघा भावंडांचे आधारच निघालेले नाही, कारण आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले की घर बंद होते आणि तालुक्याच्या आधार केंद्रावर मुलांना नेणारे कोणी राहत नाही. आधार वैध पटच धरला गेला, तर या चार मुलांमुळे पाच वर्गांचा तिसरा शिक्षक जातो. आधार दुरुस्तीचा हा साधा प्रश्न कागदावर मात्र पट घटल्यासारखा दिसतो, आणि तो फरक दाखवून देणे हेच संघटनेचे काम आहे.

त्यासाठी प्रत्येक केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, एका सहकाऱ्याकडे जबाबदारी द्यावी आणि सर्वांनी एकच तक्ता भरावा. त्यात शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक, ३० सप्टेंबरचा रजिस्टरवरील पट, आधार वैध पट, मागील वर्षीची मंजूर पदे, चालू वर्षीची मंजूर पदे आणि प्रत्यक्ष कार्यरत शिक्षक एवढेच रकाने ठेवावेत. जास्त रकाने ठेवले की निम्म्या शाळा तक्ता भरून पाठवतच नाहीत. मुलांची नावे किंवा आधार क्रमांक त्यात कदापि घेऊ नयेत. आपल्याला संख्या हवी आहे, आणि लेकरांची खासगी माहिती संघटनेच्या व्हॉट्सअप गटावर फिरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. तक्त्यातली प्रत्येक ओळ मुख्याध्यापकांशी फोनवर बोलून पडताळून घ्यावी, कारण एक आकडा चुकीचा निघाला तर बाकीच्या पन्नास आकड्यांवरचा विश्वास जातो.

जी माहिती शाळांकडून मिळत नाही, ती माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली मागवावी. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि तो साधारण १५० शब्दांत संपवावा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. उत्तरासाठी ३० दिवस आणि त्यानंतर प्रथम अपिलाचा वेळ लागतो, हे लक्षात घेता हिवाळी अधिवेशनासाठी हवी असलेली माहिती ऑगस्टमध्येच मागवलेली बरी. "का" हा शब्द अर्जात वापरू नये. कागद मागावा, कारण विचारू नये. "तालुक्यातील शाळानिहाय मंजूर, कार्यरत व रिक्त पदांच्या विवरणपत्राची प्रत द्यावी" असे लिहिले की टाळाटाळ करायला फारशी जागा राहत नाही.

निवेदन

निवेदन एका पानाचे असावे आणि तक्ता परिशिष्ट म्हणून जोडावा. विषयाखाली ज्या शासन निर्णयाविषयी तक्रार आहे त्याचा दिनांक आणि संकेतांक लिहावा. "संचमान्यतेतील अन्याय दूर करावा" अशा मागणीला कोणताही मंत्री "सकारात्मक विचार करू" असे म्हणू शकतो आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : "३० सप्टेंबर रोजी जनरल रजिस्टरवर असलेला व गटशिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पडताळणी करून प्रमाणित केलेला पट ग्राह्य धरून, केवळ आधार अवैध असल्याने कमी झालेली पदे पुनर्स्थापित करण्याचे आदेश व्हावेत." या वाक्यात काय करायचे, कोणत्या आधारावर करायचे आणि कोणत्या पदांपुरते करायचे हे तिन्ही आहे, आणि कक्ष अधिकाऱ्याला टिप्पणी लिहिताना ते तसेच उचलता येते. निवेदनाची पोच घ्यावी, तिच्यावर आवक क्रमांक आणि दिनांक पडला आहे की नाही ते तिथेच पाहावे.

सभागृहातली आयुधे

वर्षात तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत असते, तर हिवाळी अधिवेशन नागपूरला, साधारण डिसेंबरात. आपले बहुतेक शिष्टमंडळ अधिवेशन चालू असताना देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठते, पण प्रश्नांच्या सूचना तर त्याच्या कितीतरी आधी विधानमंडळ सचिवालयात गेलेल्या असतात. म्हणून सदस्यांना भेटायचे ते अधिवेशनाच्या किमान दीड महिना आधी, आणि शक्यतो त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात, जिथे त्यांना बसून बोलायला वेळ असतो.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा विषय असेल तर लक्षवेधी सूचना, आणि आधीच्या उत्तराने समाधान झाले नसेल तर अर्धा तास चर्चा, असे मार्ग आहेत. सदस्यांकडे शेकडो विषय येतात, म्हणून प्रश्नाचा मसुदा सभागृहाच्या ठरलेल्या भाषेत आपणच तयार करून द्यावा. तो साधारण असा असतो :

"(१) अमुक तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या इतक्या प्राथमिक शाळांमध्ये विद्यार्थी प्रत्यक्ष उपस्थित असूनही आधार अवैध असल्याच्या कारणावरून संचमान्यतेत इतकी शिक्षक पदे कमी करण्यात आली आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, (३) त्यानुसार सदर पदे पुनर्स्थापित करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

या प्रश्नाला "हे अंशतः खरे आहे" असे उत्तर येण्याची पुष्कळ शक्यता असते, आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. कोणता अंश खरा, हे विचारण्यासाठी सदस्यांच्या हाती आपला शाळानिहाय तक्ता आणि दोन-तीन तयार उपप्रश्न असले पाहिजेत. एकच प्रश्न दोन्ही सभागृहांत यावा असा प्रयत्न करावा. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी सात शिक्षक मतदारसंघांतून येतात आणि त्यांच्याकडे आपण हक्काने जातो, पण मराठवाड्यातल्या विधानसभेच्या ४६ सदस्यांकडे आपण पुरेसे जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तांड्यावरची शाळा बंद पडली तर त्याची झळ त्यांच्याच मतदारांना लागते, आणि पालकांची सह्यांची यादी सोबत असेल तर ते ती गोष्ट लगेच ओळखतात.

शासन निर्णय निघाला म्हणजे पैसे आले असे नाही

अंशतः अनुदानित शाळांतल्या सहकाऱ्यांनी हे सर्वांत जास्त भोगले आहे. "कायम विनाअनुदानित" यातला "कायम" हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला, पण त्यानंतर २० टक्के अनुदानाचा निर्णय व्हायला २०१६ उजाडले. पुढचा वाढीव टप्पा देण्याचा शासन निर्णय १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाला, मात्र त्यासाठी निधीची तरतूद न झाल्याने जुलै २०२५ मध्ये हजारो शिक्षकांना पावसात आझाद मैदानावर बसावे लागले. घरात दोन लेकरे शिकत असताना वर्षानुवर्षे अर्ध्यामुर्ध्या पगारावर वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला पुन्हा पावसात बसवणे ही फार वेदनेची गोष्ट आहे.

म्हणून निर्णय निघाल्याच्या दिवशी गुलाल उधळण्याआधी तो शेवटपर्यंत वाचावा. वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख आहे का, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) करायचा ते लिहिले आहे का आणि चालू वर्षाच्या तरतुदीत तो बसतो का, हे पाहावे. बसत नसेल, तर पुढच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांमध्ये, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्यांमध्ये, ती रक्कम आली पाहिजे, आणि त्या मागण्या सभागृहात मांडल्या जातात त्या दिवशी शालेय शिक्षण विभागाची पाने उघडून रक्कम शोधण्याचे काम संघटनेतल्या एका माणसाला नेमून द्यावे. रक्कम दिसली नाही तर त्याच संध्याकाळी सदस्यांना कळवता येते. पुढच्या अधिवेशनापर्यंत वाट पाहिली तर आणखी काही महिने हातचे जातात.

मोठी मागणी एकदम मान्य होत नसेल तेव्हा तिचा निर्विवाद भाग वेगळा काढून तो आधी मिळवणे ही माघार नाही. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या सर्वांना जुनी पेन्शन ही मागणी पूर्ण झाली नाही, परंतु ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती, त्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुनी पेन्शन निवडण्याचा एकवेळचा विकल्प मिळाला. उरलेल्यांचा लढा चालूच आहे, आणि ज्यांना विकल्प मिळाला त्यांनी त्यातून बाजूला होऊ नये.

मतदार नोंदणी

शिक्षक मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळीही असेल असे धरून चालू नये. संविधानाच्या कलम १७१ प्रमाणे माध्यमिक शाळेपेक्षा कमी दर्जा नसलेल्या संस्थेत शिकवणारे शिक्षक या मतदारसंघात मतदार होतात. अर्ज नमुना १९ मध्ये करायचा, १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वीच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षे अध्यापन झालेले असावे, आणि संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडावे. गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारले जात नाहीत, पण मुख्याध्यापक आपल्या शाळेतील पात्र शिक्षकांचे अर्ज एकत्र पाठवू शकतात, ही सोय वापरावी. आपल्याकडे निजामाच्या काळापासून चालत आलेल्या जिल्हा परिषद प्रशाला पुष्कळ आहेत आणि तिथले माध्यमिक शिक्षकही पात्र ठरतात, हे अनेकांना माहीत नसते. प्राथमिक शिक्षकांना या मतदारसंघात मत नाही. मात्र पदवी मिळून तीन वर्षे झाली असतील तर त्यांनी नमुना १८ भरून पदवीधर मतदारसंघात नोंदणी करावी.

औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघात आठही जिल्हे येतात आणि तिथे मागील मतदान ३० जानेवारी २०२३ रोजी झाले. मतदान पसंतीक्रमाने होते. केंद्रावर दिलेल्या पेननेच उमेदवारांपुढे १, २, ३ असे अंक लिहायचे. १ हा अंक कोणापुढेच नसेल, किंवा बरोबरची खूण वा सही केली असेल, तर मत बाद होते. शिकवणाऱ्यांच्याच मतपत्रिका बाद व्हाव्यात याचे मला फार वाईट वाटते, म्हणून प्रत्येक शाळेत दहा मिनिटे काढून नमुना मतपत्रिकेवर सराव घ्यावा.

मर्यादा

जिल्हा परिषद आणि शासकीय शाळांतील शिक्षकांना वर्तणूक नियम लागू आहेत. पक्षाचे सदस्य होणे, प्रचारात उतरणे, समाज माध्यमांवर एखाद्या उमेदवारासाठी मते मागणे हे त्यांना करता येत नाही, आणि आपल्या सेवेच्या बाबतीत वरिष्ठांवर राजकीय दबाव आणणेही नियमबाह्य आहे. संघटनेने सामूहिक मागणी लोकप्रतिनिधींपुढे मांडणे आणि स्वतःच्या बदलीसाठी आमदारांचे पत्र आणणे यांतला फरक प्रत्येक सभासदाला समजावून सांगावा. शिष्टमंडळात जाताना रीतसर रजा मंजूर करून घ्यावी. एकाच शाळेतले दोघे कधीही नेऊ नयेत. दोन शिक्षकी शाळेत तर त्या दिवशी कुलूप लागेल, आणि तेवढ्या एका बातमीने पालकांची सहानुभूती संपेल.

आंदोलन आणि त्यानंतर

काळ्या फितीपासून सुरुवात करून धरणे आणि मग विधिमंडळावर मोर्चा, ही चढण टप्प्याटप्प्याने चढावी, आणि प्रत्येक टप्प्याआधी लेखी सूचना व पोलिसांची परवानगी घ्यावी. अशैक्षणिक कामांविरुद्ध आंदोलन करताना शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ नीट वाचून जावे : जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे त्यात वगळलेली आहेत, तेव्हा "कोणतेच काम नको" ही घोषणा कायद्यापुढे टिकत नाही, या तीन सोडून लादलेल्या प्रत्येक कामाची आदेशासह यादी मात्र टिकते.

मंत्र्यांनी सभागृहात "तपासून घेऊ" किंवा "एका महिन्यात निर्णय करू" असे म्हटले, तर त्या दिवसाच्या कार्यवाहीतला तो उतारा मिळवून जपून ठेवावा. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते, आणि आपल्या विषयाचे आश्वासन तिच्याकडे नोंदले गेले आहे का, हे सदस्यांमार्फत विचारता येते. मैदानावर मंडपात येऊन दिलेल्या शब्दाला हे संरक्षण नाही. तो शब्द तिथल्या तिथे लेखी घ्यावा, नाहीतर बैठकीचे इतिवृत्त मागून घ्यावे.

आमच्या शाखेत आता एक जाड नोंदवही आहे. तिच्या डाव्या पानावर मागणी, निवेदनाचा आवक क्रमांक, प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांचे नाव आणि मिळालेले उत्तर लिहिलेले असते. उजवे पान पुढच्या अधिवेशनासाठी रिकामे ठेवतो. सचिव बदलला की नवीन सचिवाला पहिल्याच बैठकीत ती वही पानापानाने वाचून दाखवली जाते, आणि ज्या मागणीचे उजवे पान सलग दोन अधिवेशने कोरे राहिले आहे, ती त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर पहिली घेतली जाते.